नेमावरला निघण्याची तयारी

धारमध्ये त्या काळी तीन सायकली होत्या. एक इस्पितळाच्या डॉक्टरची, एक तारमास्तरची आणि तिसरी माझी. पहिल्या दोन्हींवर बसून माणसं कुठंतरी जात. माझ्या सायकलीवर बसून मी नुसता दिसत असे. संध्याकाळी तलावाच्या काठानं एक फेरी, मग घंटी वाजवत बाजारातून दुसरी, आणि घरी. महूच्या छावणीतला एक सोजीर विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून ती मी घेतली आणि त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. आईनं हूं की चूं न करता त्या काढून दिल्या. दफ्तरखान्यात कागदांचे जुने रुमाल सोडायचे, कागद उन्हाला घालायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे, एवढंच माझं काम. पण वय चोवीस होतं, इंग्रजी चार इयत्ता झाल्या होत्या, आणि सगळं गाव मूर्ख आहे अशी माझी खात्री होती. ती आजही आहे.

आमच्या घरी माझी मावशी असे, आईची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि तेव्हापासून तांबडं लुगडं नेसून आमच्या चुलीपाशी. छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळात माणसं रस्त्याच्या कडेला बसल्या जागी मरत होती, तेव्हा ही बाई रोज पेजेचा हंडा घेऊन नाक्यावर जाई. दुष्काळ सरला आणि सात पोरी मागं राहिल्या. त्यांचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. त्यांत दोघी सख्ख्या बहिणी होत्या, एक सहा-सात वर्षांची आणि दुसरी तीनची. थोरली धाकटीला कडेवरून खाली उतरवतच नसे. मावशीनं सातही जणींना उचललं. आमच्या घरात ठेवायला वडिलांनी साफ नकार दिला. सोवळ्याचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. पोरी काय खातील, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

तेव्हा आळीतल्या एका, परगण्याचा वसूल पाहून निवृत्त झालेल्या, कमाविसदारांनी आपला रिकामा तबेला दिला. त्यांचा घोडा दुष्काळातच मेला होता. घोड्याच्या जागी पोरी बांधल्या आणि हा गृहस्थ गावभर धर्मात्मा म्हणून मिरवू लागला. येईल त्या पाहुण्याला तबेला दाखवायला न्यायचा. मावशी तिथंच राहायला गेली. पोरींची जात कोणी विचारली की ती बेधडक सांगे, सगळ्या कुणब्याच्या. तिला काय ठाऊक असणार, कपाळ! पण कुणब्याच्या म्हटलं की लोक निदान पाण्याचा लोटा पुढं करत, म्हणून तिनं ते ठोकून दिलं होतं.

दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, लोकांच्या कानांतला रंग अजून गेला नव्हता तेव्हा, कमाविसदारांनी आळीतल्या मराठी मंडळींना ओसरीवर बोलावलं. त्यांनी नवी घोडी घ्यायचं ठरवलं होतं. घोडी काय उन्हात बांधायची? वैशाखी पौर्णिमेला तबेला मोकळा हवा. तोवर मंडळींनी दुसरी जागा केली तर उत्तम, नाहीतर सात बऱ्या घरांत एकेक पोर देऊन टाकू, घरात कामाला हात होईल आणि पोरींनाही वळण लागेल. अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता हे ते बोलले. जमलेल्या दहा-बारा जणांनी माना डोलावल्या. एकानं तर तिथंच विचारलं की त्यातल्या त्यात अंगापिंडानं धड कोणती आहे. मला असल्या माणसांची शिसारी येते.

मावशी दाराआड उभी होती. बैठकीत यायची तिला सोय नव्हती. तिनं आतूनच सांगितलं की देवासला तिच्या सासरची माणसं आहेत, त्यांच्याशी तिचं बोलणं झालेलं आहे. नर्मदेला निघालेला माणूस दारात आला की त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही त्या घरांची रीत. पोरींच्या नावानं कोणी देवासवरून नेमावरला जाऊन नर्मदेची ओंजळ भरणार असेल, तर तिथली तीस-चाळीस मराठी घरं मिळून धारेत एक लहानसं घर घेऊन देतील. फक्त माणूस जातीनं आला पाहिजे, चिठ्ठीवर कोणी देणार नाही. ती बोलायची थांबली आणि ओसरीवरच्या यच्चयावत पुरुषांचे गुडघे एकदम दुखायला लागले. कोणाचा पाय, कोणाची कंबर, कोणाच्या घरी सुनेचे दिवस भरलेले.

मग मी उठलो. धारेहून इंदूर, इंदुराहून देवास, देवासहून घाट उतरून नेमावर, एवढी वाट मी सायकलवरून करीन, असं मी सर्वांसमक्ष सांगितलं. दयेपोटी उठलो असं आता म्हटलं तर तुम्हाला पटेल. पण मी उठलो ते त्या भित्र्या तोंडांना खिजवायला. सायकलीवरून तेवढं अंतर आमच्या भागात कोणी गेलं नव्हतं, हेही मनात होतंच. मावशी दाराआडून पुढं आली, चक्क बैठकीत आली, आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्या दिवशी तबेल्यात जाऊन तिनं पोरींना सांगितलं, दादा नेमावरला जाऊन आले की आपल्याला घर होणार, आणि सगळ्याजणी एकत्र राहणार.

तयारीला लागलो आणि मंडळींनी आपली अक्कल पाजळायला घेतली. ज्यांनी देवास पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, की तिथं एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाचं घर एका दरबाराचं, समोरचं दुसऱ्याचं. दोन्हीकडची मराठी घरं एकमेकांची व्याही आणि जावई, पण मानपान निराळे. माझ्या येण्याचं पत्र आधी कोणत्या बाजूला धाडावं, यावर आमच्या ओसरीवर बारा दिवस खल चालला. थोरल्यांना आधी लिहिलं तर धाकट्या पातीची माणसं रुसतील, आणि मावशीचं सासर नेमकं धाकट्या पातीचं. शेवटी एकाच शाईनं, एकाच मापाच्या कागदावर, ओळीला ओळ जुळवून दोन पत्रं लिहिली आणि दोन जासूद धाडले, दोघांनी एकाच घटकेला दोन्हीकडे पत्र द्यावं अशी ताकीद देऊन. उत्तरं आली. दोन्हीकडून आग्रह एकच, पहिलं जेवण आमच्याकडे. झालं, पुन्हा चार दिवस खल! अखेर असा ठराव झाला की मी सातू बांधून न्यावा, देवासच्या हमरस्त्याच्या मधोमध सायकल उभी करावी, आणि तिथंच उभ्यानं खावा. हा ठराव करताना एकही माणूस हसला नाही.

मग पगडी. वडील महाराजांच्या खासगीकडे नोकरीला होते, दरबारी रीतिभाती त्यांच्या हाडात मुरलेल्या. देवासच्या मातबरांपुढं मुलगा टोपीत जाणार हे त्यांना खपेना. मी सांगितलं, सायकलवर पगडी टिकत नाही. त्यांनी सांगितलं, मग सायकल हळू चालव. सराव म्हणून मी धोतर, अंगरखा आणि पगडी असा साजशृंगार करून धारेजवळच्या नालछ्याच्या रस्त्याला निघालो. पहिल्याच उतारावर पगडी डोळ्यांवर आली आणि धोतराचा सोगा साखळीत गेला. मी कुठं, सायकल कुठं! गुडघा फुटला, कोपरं सोलली. दोन भिलांनी मला उचलून बैलगाडीत घातलं. घरी आल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न केला तो पगडीबद्दल. तिचा कंगोरा चेपला होता. माझ्याकडे त्यांनी नंतर पाहिलं. आठ-नऊ दिवस मी लंगडत होतो, आणि तेवढे दिवस मावशी तबेल्यातून रोज येऊन गुडघ्यावर हळद-तेल लावून जात होती. घाई कर, असं ती एकदाही म्हणाली नाही.

गुडघा बरा झाला तर चाकांची रड. आमच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे पसरलेले, आणि सोजिरानं दिलेली रबरं आधीच जुनी. कोस दीड कोस गेलं की फुस्स. चिकटवायचं औषध संपलं, इंदुराहून मागवलं तर वाळलेलं निघालं. शेवटी घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या मोच्याकडे गेलो. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ते चाक हातात धरलं असेल. दोन दिवस उलटसुलट पाहिलं, मग पातळ चामड्याची पट्टी कापून दोन्ही चाकांवर सबंध खोळ शिवून दिली. टाके इतके सारखे की मोजून घालावे तसे. मला म्हणाला, "चाली जायगी, भिया. नेमावर तक चाली जायगी." नालछ्यापर्यंत जाऊन आलो, हवा तसूभर उतरली नाही. साऱ्या गावात कामाचा माणूस म्हणावा तर तो एक, आणि त्याला आमच्या ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नव्हती.

मग मुहूर्त. धारेहून इंदूर पूर्वेला, तिथून देवास उत्तरेला, मग नेमावर दक्षिणेला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेचा दिशाशूळ, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेचा, गुरुवारी दक्षिणेचा. पंचांग मांडीवर घेऊन या विद्वानांनी आठवड्याचे सगळे वार बाद करत आणले. मी तोंडावर सांगितलं की असली खुळं मी मानत नाही. पुष्कळ बोललो त्या दिवशी, इंग्रजी शब्दसुद्धा वापरले. शेवटी अक्षय्य तृतीया ठरली, कारण त्या दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही. पौर्णिमा तिथून बारा दिवसांवर. दुसऱ्या दिवशी मी देवासात असतो, पाचव्या-सहाव्या दिवशी नेमावरात. वेळ हवा त्यापेक्षा जास्तच होता.

आता जे सांगायचं त्यात मंडळींचा काही हात नाही.

द्वितीयेच्या दिवशी सायकल पुसून अंगणात उभी केली आणि मनात आलं, एवढा प्रवास करायचा तर निघतानाचा फोटो हवा. इंदुरात एक फोटोवाला होता. त्याला निरोप धाडला, चार दिवसांत येतो म्हणाला. मी अक्षय्य तृतीयेचं निघणं पुढं ढकललं. लोकांना कारण सांगितलं की गुडघा अजून कुरकुरतो. चार दिवसांचे नऊ झाले. दरम्यान ती चामड्याची खोळ डोळ्यांना खुपायला लागली. चाक जोड्यासारखं दिसे. फोटोत हे शोभणार नाही म्हणून मी स्वतः बसून मोच्याचे टाके उसवले. द्वादशीला फोटोवाला आला, कोट घालून मी सायकलीशेजारी उभा राहिलो, आणि तो म्हणाला तुम्ही हललात. त्रयोदशीला पुन्हा उभा राहिलो. तो गेल्यावर सायकल बाहेर काढली तर पुढल्या चाकात काटा. मोच्याकडे पुन्हा जायची मला लाज वाटली.

चतुर्दशीच्या सकाळी मावशी आली. फडक्यात सातू बांधलेला, वर गुळाचा खडा. देवासला आज निघालास तर उद्या पौर्णिमेला पोचशील, आणि तिथून एका घोडेस्वाराहाती निरोप आला तरी कमाविसदारांना थांबावं लागेल, एवढा सगळा विचार तिनं केला होता. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, आज चतुर्दशी, रिक्ता तिथी, अशा दिवशी निघू नये.

तिनं सातूचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू मानत नव्हतास ना रे?"

खरी गोष्ट अशी की मी भ्यालो होतो. नालछ्यापलीकडे मी त्या सायकलीवरून कधी गेलोच नव्हतो. घाटातली वाट, जंगल, एकट्यानं उन्हातून जायचं, वाटेत चाक बसलं तर काय, हे सगळं मला फार आधीपासून टोचत होतं. आणि पत्रं, पगडी, पंचांग यांपायी एकेक दिवस जात होता तेव्हा मी वर वर संतापत होतो आणि आतून मला बरं वाटत होतं. त्या मूर्खांनी आणखी महिनाभर घोळ घातला असता तर मी त्यांना आणखी शिव्या दिल्या असत्या आणि रात्री स्वस्थ झोपलो असतो. भित्र्या तोंडांना खिजवायला उठलो असं वर म्हटलंय खरं.

पौर्णिमेला सकाळी तबेल्यापुढं सात घरची माणसं जमली. भाजी निवडावी तशा पोरी निवडल्या. मावशीनं त्यांची जात कुणब्याची लावून ठेवली होती ना, त्यामुळं कोणालाही अडचण पडली नाही; कुणब्याची पोर भांड्याकुंड्यांना चालते. पोरींना पाण्याचा लोटा मिळावा म्हणून केलेलं खोटं सात जणांच्या सोयीचं झालं. दोघी बहिणींतली धाकटी कमाविसदारांनी स्वतःकडे ठेवली, लहान आहे, घरातच वाढेल म्हणून. आणि थोरलीसाठी चौथा माणूस पुढं झाला, ते माझे वडील. सोवळ्याचा प्रश्न सुटला होता, पोर मागच्या अंगणात राहणार होती.

मी कमाविसदारांना विचारलं, आता तरी जाऊ का? वर्गणी येईल, घर होईल. ते म्हणाले, "आता कशाला? पोरी मार्गी लागल्या." मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मावशी आठवड्याच्या आत नेमावरला निघून गेली, एका गाडीवानाच्या बैलगाडीतून, कोणाला न विचारता. वाटेत देवासला थांबलीसुद्धा नाही म्हणे. आमच्या घराचं पाणी तिनं पुन्हा तोंडाला लावलं नाही. नर्मदेच्या काठी घाटावर कुठंतरी राहिली आणि पुढं तिथंच वारली.

थोरली पोर आमच्याकडे राहिली. आठ-नऊ वर्षांची झाली असेल तेव्हा. फार बोलत नसे. भांडी झाली की सायकल पुसायला बसे, कोणी न सांगता, चिंचेनं आणि राखेनं चाकाचा एकेक आरा लख्ख करी. आईला वाटे पोर मोठी गुणाची. पहिल्या महिन्यात तिनं मला तीनदा विचारलं, दादा, कधी निघणार? मावशीला घेऊनच येणार ना? मी दर वेळी म्हटलं, पुढल्या पौर्णिमेला. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही, पण सायकल पुसणं सोडलं नाही. बहिणीचं घर आमच्यापासून वीस पावलांवर. पण तिला तिकडं सोडत नसत, कारण भेटल्या की दोघी रडतात आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही, असं दोन्ही घरच्या बायकांचं मत पडलं होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि सायकलीचा सोस संपला. इंदूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं ती मागितली. दुपारी आला, चाकं दाबून पाहिली, सायकल अंगणातून बाहेर काढली आणि टांग टाकून इंदूरच्या रस्त्याला लागला. पोर विहिरीपाशी होती. तिनं त्याला जाताना पाहिलं.

तासाभरानं आईनं हाका मारल्या तर पोर घरात नाही. मी शोधायला निघालो. तबेल्यापुढं, ऊन तापलेल्या मातीत, ती बसली होती. मांडीवर गाठोडं. धाकटीला कमाविसदारांच्या घरातून काढून आणलं होतं आणि आपल्यापाशी घट्ट धरून बसवलं होतं. आत घोडी पाय आपटत होती.

मला पाहून ती उठली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. म्हणाली, "दादा, तुमच्या बदली ते गेले ना नेमावरला?"

मी म्हटलं, हो.

मग धाकटीला तिच्या हातून सोडवून कमाविसदारांच्या मागच्या दारानं आत पोचवली. हिला घरी आणलं. आई ओरडत होती, दुपारची भांडी तशीच पडली होती, म्हणून तिला भांड्यांना बसवलं.